वांचलेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा

श्रमाचें मोल ठरविण्याच्या रीती जगांत पुष्कळ आहेत. मजुराला दिवसाचा रोज मिळतो, शिंप्याला नगाप्रमाणें शिलाई मिळते, नोकरदाराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. या तिन्ही रीतींत मोजण्यासारखें कांहींतरी हातीं लागतें. परंतु ज्याच्याजवळ विकावयास केवळ ज्ञान आहे, त्यानें आपलें मोल कशानें मोजावें? नामांकित वैद्य नाडी पाहून चार ओळींची चिठ्ठी लिहून देतो आणि रोगी महिन्याभरांत हिंडूंफिरूं लागतो. जाणता वकील अर्ध्या घटकेंत असा एक सल्ला देतो कीं, अशिलाची पिढीजात इस्टेट वांचते. त्या अर्ध्या घटकेचा रोज काढला तर तो हास्यास्पद होईल, आणि वांचलेल्या इस्टेटीचा हिस्सा मागितला तर तो लोभ म्हणविला जाईल. या दोन टोकांच्या मध्यें न्याय्य किंमत कोठें असते, हा प्रश्न आजच्या स्वतंत्र सल्लागाराला जसा पडतो, तसाच तो अठराव्या शतकांतील एका स्कॉटिश यंत्रज्ञाला व त्याच्या इंग्रज भागीदाराला पडला होता. त्यांनीं काढलेलें उत्तर पंचवीस वर्षें चाललें. त्या उत्तरानें त्यांना श्रीमंत केलें आणि त्याच उत्तरानें त्यांना कोर्टाची पायरीही चढावयास लावली. जेम्स वॉट व मॅथ्यू बोल्टन हीं त्यांचीं नांवें.

वाफेचें यंत्र वॉटनें शोधून काढलें, अशी एक समजूत शाळेपासून पुष्कळांच्या मनांत घर करून बसलेली असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. टॉमस न्यूकॉमेन याचें यंत्र १७१२ सालींच डडलीजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर पाणी उपसूं लागलें होतें. त्याची रचना साधी होती. एका उभ्या नळकांड्यांत वाफ भरावयाची व मग आंत थंड पाण्याची चिळकांडी सोडावयाची. वाफेचें पाणी होऊन आंत पोकळी निर्माण झाली, कीं बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खालीं रेटी, आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाला जोडलेला पंप खाणींतलें पाणी वर ओढी. दोष इतकाच कीं, प्रत्येक खेपेस तेंच नळकांडें तापवावयाचें आणि तेंच पुनः निववावयाचें. या तापविण्या-निवविण्यांत कोळशाचा फार मोठा भाग फुकट जाई.

कोळशाच्या खाणीवर हा दोष खपून जात असे, कारण बाजारांत न खपणारा चुरा तेथें ढिगांनीं पडलेला असे. परंतु इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्यें गोष्ट निराळी होती. तेथें जमिनीच्या पोटांत तांबें व कथील विपुल, पण कोळसा मुळींच नाहीं. तो साउथ वेल्समधून गलबतांनीं आणावा लागे. खाण जितकी खोल जाई, तितकें पाणी अधिक उपसावें लागे. जितकें पाणी अधिक, तितका कोळसा अधिक. आणि एक वेळ अशी येई कीं, खालीं धातु दिसत असूनही ती काढणें परवडत नसे. खाणवाल्यांच्या दृष्टीनें कोळशाचा खर्च हा त्यांच्या धंद्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होता. ज्याला आपल्या ज्ञानाची किंमत मागावयाची आहे, त्याला याहून योग्य गिऱ्हाईक मिळणें कठीण.

जेम्स वॉटचा जन्म १७३६ सालीं स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरांत झाला. ग्लासगो विद्यापीठाच्या आवारांत तो शास्त्रीय उपकरणें तयार करण्याचें व दुरुस्त करण्याचें काम करी. १७६३-६४ च्या सुमारास न्यूकॉमेनच्या यंत्राची एक लहान प्रतिकृति त्याच्याकडे दुरुस्तीस आली. ती चालेना, तेव्हां ती कां चालत नाहीं याचा त्यानें छडा लावला, आणि १७६५ च्या मे महिन्यांत त्याला उपाय सुचला. वाफ त्याच नळकांड्यांत निववावयाची नाहीं. तिला शेजारच्या एका निराळ्या, सदैव थंड ठेवलेल्या पात्रांत नेऊन तेथें तिचें पाणी करावयाचें. असें केलें म्हणजे नळकांडें नेहमीं गरम राहील आणि कोळसा वांचेल. १७६९ च्या जानेवारींत त्यानें या कल्पनेचें पेटंट घेतलें. त्या पेटंटांत नव्या यंत्रावर हक्क सांगितला नव्हता. ‘वाफ व जळण यांचा खप कमी करण्याची नवी पद्धत’ असें त्याचें वर्णन होतें. पुढें किंमत कशावर बसावयाची, याचें बीज या शब्दांतच होतें.

परंतु कल्पना सुचणें निराळें आणि तिच्यावर पोट भरणें निराळें. वॉटचा पहिला भागीदार डॉक्टर जॉन रोबक हा होता. त्यानें वॉटचीं कर्जें फेडलीं आणि मोबदला म्हणून पेटंटांतील दोन-तृतीयांश हिस्सा घेतला. मध्यंतरीं प्रपंच चालविण्यासाठीं वॉटला कालव्यांची मोजणी व देखरेख हें काम करावें लागलें. मंकलंड कालव्यावर त्याला वर्षाला २०० पौंड मिळत. हें मोल त्याच्या दिवसांचें होतें. त्याच्या डोक्यांत असलेल्या ज्ञानाला त्या हिशेबांत कोठेंच रकाना नव्हता. १७७३ सालीं रोबकचें दिवाळें निघालें आणि त्याचा हिस्सा त्याच्या एका सावकाराकडे आला. हा सावकार म्हणजे बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्याचा मालक मॅथ्यू बोल्टन. इतर सावकारांना त्या हिश्श्याची कांहींच किंमत वाटत नव्हती. बोल्टनला ती दिसली. १७७४ सालीं वॉट बर्मिंगहॅमला राहावयास आला, आणि १७७५ सालीं पार्लमेंटनें स्वतंत्र कायदा करून त्या पेटंटाची मुदत १८०० सालापर्यंत वाढवून दिली. त्याच पंचवीस वर्षांसाठीं दोघांची भागीदारी ठरली. मार्च १७७६ मध्यें पहिलीं दोन मोठीं यंत्रें चालूं झालीं: एक टिप्टन येथील ब्लूमफील्ड खाणीवर, आणि दुसरें जॉन विल्किन्सन याच्या लोखंडाच्या कारखान्यांत.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. आरंभींचीं बरींच वर्षें बोल्टन आणि वॉट यंत्रें विकीत नव्हते. मोठें नळकांडें खाणवाल्यानें विल्किन्सनकडून विकत घ्यावयाचें, कारण तितकें बिनचूक नळकांडें पाडण्याची कला त्यालाच साधली होती. तुळईचें लांकूड, विटा, गंवडी, सुतार, हें सारें खाणवाल्याच्या खर्चानें. सोहोहून येत ते आराखडे, झडपांसारखे कांहीं नाजूक भाग, आणि यंत्र उभारून चालूं करून देणारा जाणता माणूस. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ही मंडळी सल्लागार होती. त्यांच्या दुकानांत माल असा थोडाच होता.

मग किंमत कशी लावावी? आराखड्यांचे पैसे घ्यावे, तर कागदाला किती मागणार? उभारणीच्या दिवसांचा रोज घ्यावा, तर तो कोणत्याही गंवड्याच्या रोजाहून फार मोठा दिसणार. एकदम मोठी रक्कम मागावी, तर ज्या यंत्राचा गुण अजून कोणी पाहिलेला नाहीं, त्यासाठीं ती आधीं कोण देणार? दोघा भागीदारांनीं या तिन्ही वाटा सोडून दिल्या. त्यांनीं खाणवाल्याला सांगितलें तें असें: यंत्र तुमच्या खर्चानें उभें करा, तितकेंच पाणी उपसावयास जुन्या यंत्राला जितका कोळसा लागला असता त्याहून आमच्या यंत्राला जितका कमी लागेल, त्या वांचलेल्या कोळशाच्या किंमतीचा तिसरा हिस्सा पेटंटाची मुदत संपेपर्यंत आम्हांला द्या, बाकीचे दोन हिस्से तुमचे. कांहीं वांचलें नाहीं, तर आमचें देणेंही नाहीं.

उदाहरणासाठीं एक साधा हिशेब मांडूं. समजा, एखाद्या खाणीवर जुन्या यंत्राला ठरलेल्या कामासाठीं ३०० टन कोळसा लागला असता, आणि नव्या यंत्रानें तेंच काम ९० टनांत केलें. बचत २१० टनांची झाली. तींतील ७० टनांची किंमत बोल्टन आणि वॉट यांची, आणि १४० टनांची खाणवाल्याची. खाणवाल्याच्या खिशांतून पूर्वीं जात होतें त्यापेक्षां कितीतरी कमी जातें. आणि यंत्रज्ञाला जें मिळतें, तें त्याच्या घामाच्या प्रमाणांत नसून गिऱ्हाइकाच्या लाभाच्या प्रमाणांत असतें. आपल्याकडील अर्धेलीनें जमीन लावण्याच्या व्यवहाराशीं याचें थोडें साम्य दिसेल. परंतु अर्धेलींत वांटावयाचें धान्य खळ्यावर डोळ्यांसमोर पडलेलें असतें. येथें वांटावयाची वस्तु म्हणजे न जळलेला कोळसा, आणि जी वस्तु जळलीच नाहीं ती तागडींत कशी घालावयाची?

या अडचणींतून वाट काढण्यासाठीं वॉटनें जें केलें, त्यांत त्याच्या बुद्धीचें खरें वैशिष्ट्य आहे. प्रथम जुन्या यंत्राचें माप ठरविणें अवश्य होतें. कॉर्नवॉलमधील पोल्डाइस खाणीवर जीं जुनीं यंत्रें होतीं, त्यांच्यावर प्रयोग करण्यांत आले. एक बुशेल कोळशांत तीं यंत्रें सुमारे ७० लाख पौंड वजनाचें पाणी एक फूट उंच उचलतात, असें त्यांत आढळून आलें, आणि हा आंकडा उभयपक्षीं तुलनेचा पाया म्हणून धरला गेला. दुसरी गोष्ट, नव्या यंत्रानें किती काम केलें हें कोणाच्याही शब्दावर विसंबून न राहतां समजलें पाहिजे. त्यासाठीं तुळईवर एक मोजणी-यंत्र बसविण्यांत येई. तुळईनें एक हेलकावा घेतला, कीं आंतील चक्र एक दांता पुढें सरके. ही पेटी कुलूपबंद असे, आणि ठराविक काळानें ती उघडून आंकडा टिपून घेतला जाई. किती हेलकाव्यांना किती बचत, याचीं कोष्टकें वॉटनें तयार केलेलीं होतीं. ती पेटी दिवसा व रात्रीं, मालक आणि नोकर दोघांच्याही नकळत हिशेब लिहीत असे. दोन अनोळखी पक्षांमधील विश्वासाचें काम एका पितळी चक्रानें करावें, ही त्या काळांत नवलाचीच गोष्ट होती.

ऑगस्ट १७७७ मध्यें वॉट स्वतः कॉर्नवॉलला गेला. चेसवॉटर येथील खाण पाण्यानें भरून गेली होती. जुन्या यंत्रांना तें पाणी आवरत नव्हतें, आणि आसपासचे खाणवाले नव्या यंत्राकडे संशयानें पाहत होते. त्याच वर्षीं तेथें वॉटचें यंत्र चालूं झालें आणि त्यानें पाणी हटविलें. जुन्या यंत्राच्या मानानें तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतक्या कोळशांत काम होतें हें पाहिल्यावर एकामागून एक मागण्या येऊं लागल्या. कांहीं वर्षांतच कॉर्नवॉलमधील जुनीं यंत्रें बहुतेक मोडींत निघालीं. १७७९ पासून विल्यम मर्डॉक हा सोहोचा अत्यंत कुशल कारागीर तेथें राहूं लागला व यंत्रांची देखभाल पाहूं लागला.

वॉटला मात्र या यशांतील एक भाग अगदीं सोसत नसे. तो भाग म्हणजे घासाघीस. हिशेब मिटविण्यापेक्षां किंवा सौदा करण्यापेक्षां भरलेल्या तोफेसमोर उभें राहणें आपण पत्करूं, अशा अर्थाचें त्यानें एका पत्रांत लिहून ठेवलें आहे. डोकेदुखीनें व खिन्नतेनें तो वरचेवर हैराण होई. पैशाच्या बोलण्यांचा भार बोल्टननें उचलला नसता, तर वॉटची विद्या कालव्याच्या कांठींच राहिली असती. ज्ञानवंताला आपल्या ज्ञानाची किंमत सांगतां येतेच असें नाहीं. पुष्कळदां ती सांगण्यासाठीं निराळ्या स्वभावाचा माणूस लागतो.

येथवरची हकीकत बोल्टन आणि वॉट यांच्या बाजूची झाली. खाणवाल्यांचीही एक बाजू होती, आणि ती ऐकल्याशिवाय या व्यवहाराचा न्याय करतां येणार नाहीं. पहिल्या वर्षीं खाणवाल्याला जुन्या यंत्राचा कोळसा आठवत असे. तिसरा हिस्सा देतांना उरलेले दोन हिस्से आपले झाले, याचा त्याला आनंद होता. पांचव्या वर्षीं जुनें यंत्र मोडींत गेलेलें असे. दहाव्या वर्षीं तें पाहिलेला कारभारीही बदललेला असे. मग ‘बचत’ म्हणजे काय? नवें यंत्र जितका कोळसा खातें तितका खर्च खरा. त्यावर सोहोचे लोक महिन्याच्या महिन्याला जी रक्कम उकळतात ती एखाद्या परकीय सरदारानें लादलेल्या चौथाईसारखी वाटूं लागली. फायदा संवयीचा झाला म्हणजे तो फायदा वाटत नाहींसा होतो. देणें मात्र दर महिन्यास नव्यानें टोंचतें.

त्यांतच तांब्याचा भाव उतरला. वेल्सच्या वायव्येस असलेल्या अँगल्सी बेटावर पॅरिस नांवाच्या डोंगरांत जमिनीच्या अगदीं जवळ तांब्याचा मोठा सांठा सांपडला होता. तेथील स्वस्त तांबें बाजारांत येऊं लागतांच कॉर्नवॉलच्या खोल खाणी तोट्यांत जाऊं लागल्या. येथें कराराची एक उणीव उघडी पडली. सोहोचा हिस्सा कोळशाच्या बचतीवर बसविलेला होता. खाणीच्या नफ्याशीं त्याचा संबंध नव्हता. खाण बुडत असली तरी तिचें पाणी उपसलें जात होतें, तुळई हेलकावे घेत होती आणि पेटींतील चक्र पुढें सरकत होतें. आमचा जीव चालला असतांना तुमचा हिस्सा तेवढाच कसा, असें खाणवाले विचारूं लागले. तें विचारणें अगदींच गैर होतें असें म्हणतां येणार नाहीं.

बोल्टननें या तक्रारीकडे पाठ फिरविली नाहीं. पुष्कळ खाणींशीं दर महिन्याची मोजणी सोडून ठराविक वार्षिक रकमेचे करार करण्यांत आले, आणि अडचणींतल्या खाणींना सवलतीही देण्यांत आल्या. याहून पुढें जाऊन दोघा भागीदारांनीं कॉर्नवॉलच्या खाणींत स्वतःचे पैसे घातले व ते भागधारक झाले. १७८५ सालीं तांब्याचा भाव सांवरण्यासाठीं कॉर्निश मेटल कंपनी निघाली, तिच्या उभारणींतही बोल्टनचें अंग होतें. गिऱ्हाइकाच्या लाभांतून ज्याला मोबदला घ्यावयाचा आहे, त्याला गिऱ्हाइकाच्या तोट्याकडे तटस्थपणें पाहतां येत नाहीं, हें त्यांना अनुभवानें कळून चुकलें होतें.

दरम्यान किंमतीचा प्रश्न दुसऱ्याच रूपानें पुढें आला. १७८१ सालीं वॉटनें आपल्या यंत्राची वर-खालीं होणारी चाल चक्राकार करण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. आतां तें यंत्र खाणीचें पाणी उपसण्यापुरतें राहिलें नाहीं. गिरण्या, लोखंडाचे कारखाने, बिअरचे कारखाने, सर्वांनाच तें हवेंसें झालें. परंतु या नव्या गिऱ्हाइकांजवळ जुनें वाफेचें यंत्र नव्हतेंच. मग बचत मोजावयाची कशाच्या तुलनेनें? त्यांच्याजवळ होते घोडे. जात्याभोंवतीं गोल गोल फिरणारा घोडा हेंच त्यांचें जुनें यंत्र. तेव्हां वॉटनें घोड्याचें माप घेतलें. एक घोडा एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतकें काम करतो, असा आंकडा त्यानें १७८३ सालीं कायम केला. हें माप त्यानें सढळ हातानें धरलें होतें. सामान्य घोड्याला दिवसभर तितकें काम झेपत नाहीं. त्यामुळें दहा घोड्यांचें म्हणून घेतलेलें यंत्र दहा घोड्यांहून कमी काम करतें, अशी तक्रार करण्यास गिऱ्हाइकाला जागा राहिली नाहीं. लंडनमध्यें दर अश्वशक्तीमागें वर्षाला ६ पौंड आणि लंडनबाहेर ५ पौंड असा दर ठरला. व्हिटब्रेड यांच्या लंडनमधील बिअरच्या कारखान्यांत १७८५ सालीं असें एक यंत्र बसलें, आणि तें पाहावयास १७८७ सालीं राजा तिसरा जॉर्ज स्वतः गेला होता.

या दराकडे बारकाईनें पाहिलें तर एक फरक दिसतो. कोळशाच्या बचतीचा हिस्सा हा खऱ्याखुऱ्या लाभाचा हिस्सा होता. यंत्र बंद पडलें तर देणेंही थांबत असे. अश्वशक्तीचा दर हें यंत्राच्या आकाराचें भाडें होतें. यंत्र दिवसांतून किती तास चाललें, गिऱ्हाइकाला त्यापासून किती मिळालें, याची चौकशी त्यांत नव्हती. न्यायाच्या दृष्टीनें पहिली रीत अधिक सूक्ष्म होती, आणि सोयीच्या दृष्टीनें दुसरी. जेथें शेंकडों लहानमोठीं गिऱ्हाइकें आहेत, तेथें प्रत्येकाच्या घरीं कुलूपबंद पेटी ठेवून तिचा आंकडा टिपीत बसणें परवडत नाहीं. बाजार वाढला म्हणजे सूक्ष्म न्यायाची जागा सोपी कोष्टकें घेतात. मात्र त्या सोप्या कोष्टकाच्या बुडाशींही ‘तुमचें पूर्वीं कशावर भागत होतें?’ हा जुनाच प्रश्न होता.

कॉर्नवॉलमधील असंतोष मात्र शमला नाहीं. जोनाथन हॉर्नब्लोअर यानें १७८१ सालीं दोन नळकांड्यांच्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. एडवर्ड बुल, जो पूर्वीं सोहोच्याच कामावर होता, तो तुळईवांचून चालणारीं यंत्रें बसवूं लागला. या दोघांचीं यंत्रें आपल्या मूळ कल्पनेवरच उभीं आहेत, असें वॉटचें म्हणणें होतें. खाणवाल्यांना तर अशा पर्यायाची आतुरतेनें वाट होतीच. १७९३ सालीं बुलवर दावा दाखल झाला. ज्यूरीनें कौल बोल्टन व वॉट यांच्या बाजूनें दिला, परंतु पेटंटाचा मसुदा कायद्याला धरून आहे कीं नाहीं या मुद्द्यावर १७९५ सालीं चार न्यायाधीशांचीं मतें दोन विरुद्ध दोन अशीं पडलीं. निकाल लोंबकळत पडला, आणि पुष्कळ खाणवाल्यांनीं ठरलेली रक्कम देण्याचें थांबविलें. जें पितळी चक्र विश्वासाचें प्रतीक होतें, तें आतां फिरत होतें, पण त्याच्या आंकड्याला कोणी जुमानीत नव्हतें. अखेर जानेवारी १७९९ मध्यें किंग्ज बेंच न्यायालयानें हॉर्नब्लोअरविरुद्धच्या खटल्यांत पेटंट एकमुखानें कायम केलें. थकबाकीची वसुली सुरू झाली, कांहीं ठिकाणीं तडजोडी झाल्या, आणि पुढच्याच वर्षीं, १८०० सालीं, पेटंटाची मुदत संपली. तोंपर्यंत सोहोच्या आराखड्यांवरून सुमारे ५०० यंत्रें उभीं राहिलीं होतीं. एकट्या कॉर्नवॉलनें जवळजवळ १,८०,००० पौंड भरले, असें सांगतात.

ही रक्कम न्याय्य होती कीं अन्याय्य? दोन्ही बाजूंनीं बोलतां येतें. जर तिसरा हिस्सा एवढा मोठा झाला, तर उरलेले दोन हिस्से खाणवाल्यांकडेच राहिले, हें उघड आहे. वॉटचें यंत्र आलें नसतें, तर कित्येक खाणी पाण्याखालीं गेल्या असत्या, हेंही खरें. परंतु हा हिस्सा पंचवीस वर्षें वसूल करतां आला तो केवळ यंत्राच्या गुणामुळें नव्हे. दुसऱ्या कोणी तसें यंत्र करूं नये असा कायद्याचा पहारा होता म्हणून. गिऱ्हाइकापुढें दुसरी वाट असती, तर त्यानें जुन्या यंत्राशीं तुलना केली नसती. दुसऱ्या यंत्रज्ञाच्या मागणीशीं केली असती. लाभावर बसविलेल्या किंमतीची वरची मर्यादा लाभ हीच नसते. गिऱ्हाइकाजवळचा दुसरा सर्वांत चांगला मार्ग ही तिची खरी मर्यादा असते. तो मार्ग कायद्यानें बंद करून घेतलेली किंमत कितीही गणितशुद्ध असली, तरी देणाऱ्याच्या मनांत ती सलत राहते.

या प्रकरणाचा शेवट कोर्टांत झाला नाहीं. तो त्यानंतर कॉर्नवॉलमध्येंच झाला. १८०० नंतर सोहोचीं माणसें परत गेलीं. खाणवाल्यांची सुटका झाली, आणि थोड्याच वर्षांत यंत्रांची हेळसांड सुरू झाली. कोळशाचा हिशेब आतां कोणी मागत नव्हतें, तेव्हां तो कोणी ठेवीतही नव्हतें. यंत्रांची कार्यक्षमता उतरली. तेव्हां १८११ सालीं जोएल लीन या खाणीच्या कारभाऱ्यानें एक मासिक पत्रक सुरू केलें. कोणत्या खाणीवरील कोणत्या यंत्रानें एक बुशेल कोळशांत किती पौंड पाणी एक फूट उचललें, हें त्यांत दर महिन्याला छापून येई. माप तेंच, वॉटचें. फरक एवढाच कीं, आतां तें कुलूपबंद पेटींत नव्हतें. सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. यंत्रज्ञांत चढाओढ लागली. एकाची सुधारणा दुसऱ्याला समजूं लागली. रिचर्ड ट्रेव्हिथिक हा कॉर्नवॉलचाच यंत्रज्ञ, पूर्वीं बुलच्या बाजूनें वॉटशीं झुंजलेला. त्यानें १८१२ सालीं व्हील प्रॉस्पर खाणीवर अधिक दाबाच्या वाफेचें जें यंत्र बसविलें, त्याचें पेटंटही घेतलें नाहीं. पोल्डाइसच्या जुन्या यंत्रांचें काम ७० लाखांचें होतें. १८३५ सालीं फॉय कन्सोल्स खाणीवरील एका यंत्रानें चाचणींत १२ कोटींचा पल्ला ओलांडला.

म्हणजे ज्या मापावर तिसरा हिस्सा बसविला होता, त्या हिश्श्याचा द्वेष करणाऱ्यांनींच तें माप पुढें चालविलें. किंमत गेली आणि माप राहिलें. आपल्या ज्ञानाचें मोल लाभाच्या प्रमाणांत मागूं इच्छिणाऱ्या आजच्या आराखडाकारानें, हिशेबतज्ज्ञानें किंवा सल्लागारानें या हकीकतींतून घेण्यासारखें बरेंच आहे. काम सुरू होण्यापूर्वींची स्थिति उभयतांच्या साक्षीनें लिहून ठेवणें. लाभ मोजण्याचें साधन दोघांनाही पटेल असें निवडणें. लाभांतील मोठा वांटा गिऱ्हाइकाकडे राहील अशी व्यवस्था करणें. हें सारें वॉट आणि बोल्टन यांनीं केलें, आणि म्हणूनच त्यांची मागणी पहिल्यानें मान्य झाली. जें त्यांना साधलें नाहीं, तें मुदतीचें. गिऱ्हाइकाची आठवण दोन-चार वर्षें टिकते. करार पंचवीस वर्षांचा होता. जुना तोटा विस्मृतींत गेल्यावर त्याच्या बचतीचा हिस्सा मागत राहणें, म्हणजे ज्याला रोग आठवत नाहीं त्याच्याकडून औषधाचे पैसे मागणें होय. वैद्य कितीही निष्णात असो, त्याला ते पैसे सुखासुखीं मिळत नाहींत.

१८८२ सालीं विल्यम सीमेन्स यानें विजेच्या शक्तीच्या एककाला वॉटचें नांव द्यावें असें सुचविलें, आणि पुढें तें सर्वत्र रूढ झालें. आज शहरांतील प्रत्येक दिव्यावर तें नांव छापलेलें असतें, आणि गच्चीवरच्या टाकींत पाणी चढविणारा पंप विकत घेतांना त्याची अश्वशक्ति विचारली जाते. भिंतीवरच्या मीटरचा आंकडा पाहून जो महिन्याचें बिल भरतो, त्याच्या मनांत मीटरविषयीं शंका येते, क्वचित् तो कुरकुरतोही. पण मोजून दिलें आणि मोजून घेतलें, हें त्याला मान्य असतें. चेसवॉटरच्या तुळईवर बसविलेल्या त्या पितळी चक्रानें लोकांना लावलेली ही संवय आहे.